मुलाला ऑर्गन-हार्मोनियम वादक व्हायचंय: साथ, सोलो आणि शिकवणी यांचा हिशोब

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं समजलो. मुलगा १७ वर्षांचा, बारावी विज्ञानाला, राहायला चिपळूण. यंदा संगीत नाट्यस्पर्धेत त्याला ऑर्गनच्या साथीचं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून तो म्हणतोय की इंजिनीअरिंग नको, ऑर्गन आणि हार्मोनियमचे सोलो कार्यक्रम करायचे आणि जोडीला शिकवायचं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. यात पोट भरतं का? शिकवणं ही मैफल न जमलेल्यांची सोय आहे का? आणि जवळच्या एका नाट्यमंडळाचा जुना ऑर्गन विकायला निघालाय, तो घ्यावा का?

मी मूळ सांगलीचा, आता पुण्यात. ३२ वर्षं साथ करतोय, २५ वर्षं शिकवतोय. पहिली १८ वर्षं बँकेत नोकरी करून हे केलं, नंतर नोकरी सोडली. म्हणजे दोन्ही बाजूंनी राहून पाहिलंय.

तुम्ही 'ऑर्गनवादक' हा एकच शब्द वापरलात, पण त्यात तीन वेगळी कामं आहेत: साथ, सोलो आणि शिकवणं. तिन्हींना लागणारी बोटं तीच, पण तिन्हींचा स्वभाव वेगळा आणि पैसा येण्याची वाटही वेगळी. मुलाचं स्वप्न सोलोचं आहे, बक्षीस साथीचं मिळालंय, आणि उद्या घर चालेल ते बहुतेक शिकवण्यावर. या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने आणि किती वेळ घेऊन हातात घ्यायच्या, हे एकदा ठरलं की पोटाचा प्रश्न बराच सोपा होतो. क्रम चुकला तर चांगली बोटं असलेली मुलंसुद्धा तिशीत कंटाळून बाहेर पडतात. माझ्या डोळ्यांसमोर अशी चार-पाच नावं आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मला अजून वाईट वाटतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घरावर कर्ज आहे का, पुढची पाचसहा वर्षं मुलाच्या कमाईची वाट न बघता घर चालेल का, तो पुण्या-मुंबईत राहू शकेल का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो गातो का. आवाज चांगला हवा असं नाही. पण ऐकलेली चीज त्याला गळ्यातून, कशीही का होईना, काढता येते का? येत असेल तर पुढचं सगळं वाचा. येत नसेल तर आधी दोन वर्षं गाणं शिकू द्या. हार्मोनियमवाल्याने गाणं शिकायचं हे आमच्याकडे कुणी मुद्दाम सांगत नाही, कारण जुन्या लोकांना ते इतकं उघड होतं की सांगायची गरजच वाटली नाही.

आता ऑर्गन या वाद्याबद्दल थोडं, कारण त्यातूनच या पेशाची घडण कळते. युरोपात ऑर्गन म्हटलं की चर्चमधला, हजारो नळ्यांचा, इमारतीचाच भाग असलेला राक्षसी बाजा डोळ्यांपुढे येतो. आपल्या नाटकात जो आला तो त्याचा धाकटा भाऊ. त्यात नळ्या नाहीत, पितळी रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पातळ पट्ट्या आहेत, आणि पायाने दोन पेडल मारून तो वाजतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घरोघरी आणि लहान चर्चमध्ये हे ऑर्गन असायचे. हातपेटीचा भाता हवा दाबून रीडमधून बाहेर ढकलतो. या ऑर्गनचे भाते उलट काम करतात. ते आतली हवा ओढून घेतात आणि बाहेरची हवा रीडमधून आत शिरते. त्यामुळे सूर गोल आणि मऊ येतो, कानाला टोचत नाही. शिवाय दोन्ही हात मोकळे राहतात. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने सरकवायच्या पट्ट्या असतात. नटाने सूर लावला की ऑर्गन त्याच्या पाठीमागे भिंतीसारखा उभा राहतो. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला होता. ती साथ ज्यांनी ऐकली त्यांच्या पिढीने गाणाऱ्याइतकंच साथीवर प्रेम केलं.

म्हणजे आपल्याकडे हे वाद्य आलं तेच साथीसाठी. सोलो नंतर आला, आणि तो साथीच्या पोटातून आला. गोविंदराव टेंब्यांचं उदाहरण घ्या. जन्म १८८१, कोल्हापूरचे गवई ऐकून तयार झालेला कान, गायक भास्करबुवा बखल्यांचा सहवास. १९११ साली 'मानापमान' नाटकातल्या पदांच्या चाली त्यांनी दिल्या आणि नाट्यपदाचं वळणच बदललं. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली. पेटीवर एकट्याने बसून रंग भरणारे म्हणून त्यांची ख्याती होती. पण त्या पेटीत जे उतरत होतं ते थोर गवय्यांच्या जवळ बसून वर्षानुवर्षं साठवलेलं गाणं होतं.

मुलाला याच्या पुढची एक गोष्ट जरूर सांगा. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. परकं वाद्य, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म फरक) जुळत नाहीत, असे आक्षेप होते. ती बंदी तीस वर्षांवर टिकली आणि १९७१ च्या सुमारास साथीपुरती सैल झाली. विचार करा, त्या काळात रेडिओ म्हणजे कलाकाराची पत आणि महिन्याची खात्रीची बिदागी. तीच दारं बंद. अशा दिवसांत हे वाद्य मराठी मुलखात जिवंत राहिलं ते नाटक, कीर्तन, भजन, खाजगी मैफली आणि शिकवण्या यांच्या आधारावर. मधुकर पेडणेकर, ज्यांना सगळे पी. मधुकर म्हणून ओळखतात, ते याच काळात सोलो वादनाने घराघरात पोचले. गोविंदराव पटवर्धनांनी नाटकाच्या खड्ड्यात बसून ऑर्गन इतका बोलका केला की पद संपल्यावर लोक त्यांच्याकडे बघायचे. या पेशाला सरकारी आधार नव्हता, तेव्हासुद्धा तो चालला. तुमच्या मनातली भीती मी समजू शकतो, पण या वाद्याने याहून वाईट दिवस काढलेत.

पंडित तुळशीदास बोरकरांचं आयुष्य मला या प्रश्नाचं सगळ्यात सविस्तर उत्तर वाटतं. गोव्यातल्या बोरीचे, जन्म १९३४. गायक-नट छोटा गंधर्वांचं मार्गदर्शन, संगीत नाटकांची साथ, मग मधुकर पेडणेकरांकडे तालीम. पुढे मोठमोठ्या गवय्यांच्या डाव्या हाताला बसले, सोलो वाजवला, आणि मुंबईत शिष्यांची एक मोठी फळी उभी केली. आज मैफलीत जे आघाडीचे संवादिनीवादक, म्हणजे हार्मोनियमवादक, दिसतात त्यातले सुधीर नायकांसारखे अनेक जण त्यांच्या हाताखालून गेलेले. पद्मश्री मिळाली ती २०१६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. दोन वर्षांनी ते गेले. ८१ हा आकडा मुलाला मुद्दाम सांगा. मान मिळतो, पण त्याची वाट बघत बसायची नसते. मधली साठ वर्षं रोज संध्याकाळी कुणाला तरी साथ करायची असते आणि रोज सकाळी कुणाला तरी शिकवायचं असतं.

आता साथीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्याला बक्षीस त्याचंच मिळालंय आणि त्याला ते कदाचित कमी वाटतंय.

साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागोमाग वाजवणं, असं बाहेरून दिसतं. प्रत्यक्षात गाणारा श्वास कुठे घेणार हे तुम्हाला त्याच्या आधी कळावं लागतं. त्याने सूर सोडला की तिथे पोकळी पडू द्यायची नाही, पण तुम्ही ती भरताय हे ऐकणाऱ्याला जाणवूही द्यायचं नाही. त्याने नवी जागा घेतली तर ती लगेच तशीच्या तशी परत वाजवून दाखवायची नाही. तरुण मुलं हीच चूक करतात. त्यांना वाटतं, बघा मलाही येतं. गाणाऱ्याला मात्र मागून कुणी धक्का दिल्यासारखं वाटतं. अप्पा जळगावकरांची साथ ऐकताना मी हे शिकलो. एखाद्या तानेनंतर ते फक्त शेवटचा स्वर धरून ठेवायचे, आणि पुढची तान त्या स्वरावरूनच उठायची. त्यांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो जन्मभर केलेल्या साथीसाठी. साथीदार म्हणून माणूस केवढा मोठा होऊ शकतो याचं ते उदाहरण आहे.

नाटकातली साथ याहून अवघड. नट चालत असतो, पाठमोरा होतो, एखाद्या प्रयोगात आवाज बसलेला असतो आणि मेकअपच्या खोलीतून निरोप येतो की आज अर्धा सूर खाली. ऑर्गनवाल्याने तेवढ्यात सगळं नाटक दुसऱ्या पट्टीत, म्हणजे दुसरा सा धरून, वाजवायचं. काळी एकमध्ये बसवलेलं पद पांढरी एकमध्ये वाजवताना बोटांची सगळी ठेवणच बदलते. म्हणून माझ्या शिष्यांना पहिल्या वर्षापासून बारा पट्ट्यांतून पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक रचनांचा सराव, घोटावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. पण रत्नागिरीला एका स्पर्धेच्या प्रयोगात नायिकेचा आवाज पहिल्या अंकातच बसला, आणि माझ्या एका १९ वर्षांच्या शिष्येने दुसरा आणि तिसरा अंक एक सूर खाली वाजवून नेला. त्या रात्री ती मला म्हणाली, "सर, ते पलटे आज कळले." मला त्या एका वाक्यासाठी शिकवावंसं वाटतं.

मग सोलो कधी? माझं मत असं की पंचविशीच्या आत सोलोचा आग्रह धरू नये. घरी रोज वाजवावा, लहान बैठकीत वाजवावा, पण त्याच्यावर पोट टाकू नये. कारण व्यवहाराचं आहे तसंच संगीताचंही आहे.

संगीताचं कारण सांगतो. बाजारातल्या हार्मोनियमचे बारा स्वर समान अंतरावर मिळवलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर सा पासून शुद्ध गंधार ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास असतो. फरक १४ सेंटचा. एवढ्याशा फरकाने 'नाथ हा माझा' मधला यमनचा गंधार तंबोऱ्याशी खटकतो. साथीत गाणाऱ्याचा गळा तो खटका झाकून टाकतो. सोलोत झाकायला कुणीच नसतं. म्हणून सोलो वाजवणारे बरेच जण पेटी एका सा वर धरून, तंबोऱ्याच्या गंधाराशी जुळवून घेतात. ती पेटी त्या एका पट्टीत अमृतासारखी वाजते. सा बदलला की तीच बेसूर. म्हणजे साथीची पेटी वेगळी आणि सोलोची वेगळी, खर्च दुप्पट. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली ती याच दुखण्यावरचा एक उपाय म्हणून. त्यावर मतं वेगवेगळी आहेत. मला त्यातली तळमळ फार मोलाची वाटते.

मींडेचा प्रश्न तर राहतोच. या वाद्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. चांगला वादक भात्याचा दाब आणि दोन बोटांची क्षणभराची मिठी यातून मींडेचा भास तयार करतो. हा भास तयार होतो तो गळ्यात मींड असलेल्या माणसाच्याच हातून. म्हणून म्हणतो, आधी गाणं, मग साथ, मग सोलो. साथीत काही वर्षांत कितीतरी वेगवेगळे गळे कानाखालून जातात. त्यानंतर एकटं बसलं की वाजवण्याजोगं काही जवळ असतं.

व्यवहाराचं कारण साधं. सोलोची निमंत्रणं कमी. माझी मिळकत सांगतो म्हणजे अंदाज येईल. दोन तृतीयांश शिकवण्यातून, उरलेलं जवळजवळ सगळं साथीतून. सोलोचे कार्यक्रम वर्षाला चार-पाच, त्यांची बिदागी मी प्रवास आणि वाद्याची देखभाल यांनाच लावतो. माझ्याहून मोठ्या नावांचं गणित निराळं असेल. पण सुरुवात करणाऱ्याने माझ्यासारख्याचं गणित डोळ्यांपुढे ठेवावं.

बिदागीवरून आठवलं. अगदी सुरुवातीला एका आयोजकाने तीन प्रयोगांचे पैसे दिले नाहीत, वर ऑर्गन नेण्या-आणण्याचा टेम्पोही माझ्याच खिशातून गेला. तेव्हापासून तारीख, बिदागी, वाद्याची वाहतूक आणि जेवणाची वेळ या चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय मी होकार देत नाही. मुलाला हे १८ व्या वर्षीच शिकवा. यात संकोच करायचं काही कारण नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शिकवणं ही न जमलेल्यांची सोय आहे का? याचं उत्तर मी जरा जोरात देतो: नाही. बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे बघा. गायक रामकृष्णबुवा वझ्यांसारख्यांकडून विद्या घेतलेला हार्मोनियमवादक. बेळगावातच संगीत विद्यालय काढून बसले आणि म्हातारपणापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवली. ते मोठमोठ्यांना साथही करत होते आणि सोलोही वाजवत होते. मराठी आणि कानडी, दोन्ही मुलखांत आज चांगली पेटी वाजते त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुण्या-मुंबईला न येता त्यांनी हे केलं, आणि तुम्ही चिपळूणला राहता म्हणून हे नाव मी मुद्दाम घेतोय.

पाश्चात्त्यांतही हेच दिसतं. जर्मनीचे हेल्मुट वाल्खा हे ऐन तारुण्यात दृष्टी गेलेले ऑर्गनवादक, जन्म १९०७. संगीतकार बाखचं ऑर्गनसंगीत त्यांनी आयुष्यात दोनदा ध्वनिमुद्रित केलं. नोटेशन वाचता येत नव्हतं, म्हणून आई आणि पुढे पत्नी एकेक स्वरपंक्ती वेगळी वाजवून दाखवायची. ती पाठ करायची, मग दुसरी, मग मनात सगळ्या एकत्र गुंफायच्या. एवढा जगन्मान्य वादक फ्रँकफुर्टमध्ये चर्चची नोकरी करत होता आणि तिथल्याच संगीत महाविद्यालयात शिकवत होता. खुद्द बाख १७२३ पासून शेवटपर्यंत लायप्झिगमध्ये शाळकरी पोरांना गायन शिकवण्याच्या नोकरीत होते. सेवा, शिकवणं आणि मैफल हे तीन पाय तिकडेही आहेत. आपल्याकडे चर्चच्या जागी नाटक आणि गवई, एवढाच फरक. वाल्खांची एकेक पंक्ती वेगळी पाठ करण्याची रीत मी माझ्या वर्गात वापरतो. उजव्या हाताचं पद आणि डाव्या हाताचा खर्जाचा आधार आधी वेगवेगळे गाऊन घेतो, मगच वाद्याला हात लावू देतो.

शिकवण्याने माझं वाजवणं सुधारलं हे मी शपथेवर सांगेन. नऊ वर्षांची मुलगी विचारते, "सर, भाता कधी उघडायचा?" तोपर्यंत मी त्याचा कधी विचारच केला नव्हता, हात आपोआप चालत होता. तिला उत्तर देण्यासाठी मी आठवडाभर स्वतःचाच डावा हात बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं की मी ओळीच्या मध्येच भाता भरतो आणि शब्द तुटतो. आता नव्या मुलाला पहिला महिना मी एकच काम देतो. एक स्वर दाबायचा आणि तो न हलता, न फुगता, न बारीक होता एक मिनिट धरायचा. पालक कुरकुरतात की गाणं कधी येणार. ज्यांनी तो महिना नीट केला त्यांचं पुढचं सगळं भराभर येतं.

पण शिकवायला लगेच बसवू नका. स्वतःची तालीम चालू असताना पाच-सहा लहान मुलं घ्यावीत, त्याहून जास्त नाही. चाळीस मुलांचा क्लास विशीत सुरू केला की स्वतःचा रियाज संपतो. संध्याकाळी चार ते नऊ क्लास, म्हणजे नाटकाच्या तालमीही गेल्या. पैसा दिसतो आणि बोटं जाड होत जातात.

परीक्षा द्याव्यात का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद जरूर द्यावी, जमली तर अलंकारही. त्याने वादक घडत नाही, पण शास्त्र पक्कं होतं, आणि पुढे शाळेत किंवा संस्थेत शिकवायचं झालं तर तो कागद विचारला जातो. आकाशवाणीची कलाकार म्हणून मिळणारी श्रेणीही मिळवावी. ज्या रेडिओने एके काळी पेटी बाहेर ठेवली, तिथेच आज साथीदार म्हणून नाव लागतं, याचं मला अजूनही समाधान वाटतं. १८ ते २५ वयासाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते, तिच्यावर लक्ष ठेवा.

इंजिनीअरिंगचं काय? मी याचं सरसकट उत्तर देणार नाही. पुण्याचे डॉ. अरविंद थत्ते गणितातले पीएचडी आहेत आणि संवादिनीत त्यांचं नाव पहिल्या रांगेत आहे. म्हणजे अभ्यास आणि वादन एकत्र जातच नाही, असं नाही. मीही १८ वर्षं बँकेत होतो आणि त्या पगाराने मला नको ती कामं नाकारायची ताकद दिली. पण इंजिनीअरिंगची चार वर्षं वेळ खातात, आणि १८ ते २२ हीच बोटं तयार होण्याची वर्षं. मला विचाराल तर पुण्यात किंवा मुंबईत राहून एखादी सकाळची पदवी, वाणिज्य किंवा कला, किंवा थेट संगीतातली पदवी, आणि उरलेला सगळा दिवस तालीम. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. मात्र घरात दुसरी मिळकत नसेल, तर नोकरी मिळवून देणारं शिक्षण आधी घ्यायला मी सांगेन, आणि ते सांगताना मला वाईट वाटणार नाही. रोज तीन तास नेमाने बसणारा नोकरदार हा दिवसभर मोकळा असून चार तास मोबाईल बघणाऱ्या पूर्णवेळ कलाकाराच्या पुढे जातो. हे मी पाहिलंय.

एक परीक्षा घरच्या घरी करून बघा. त्याला सहा महिने एखाद्या चांगल्या गायकाच्या किंवा गायिकेच्या शिकवणीत नुसती पेटी धरायला बसवा. बिदागी नाही, टाळ्या नाहीत, नाव नाही. रोज तेच पलटे, तेच बडे ख्याल, चुकलं की थांबायचं. सहा महिन्यांनीही तो वेळेच्या आधी जाऊन पेटी पुसून ठेवत असेल, तर त्याला अडवू नका. चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात संगीत नाटक अजून जिवंत आहे, त्यामुळे त्याला बसायला जागा मिळेल. पुण्यातल्या मुलांनाही एवढे प्रयोग मिळत नाहीत.

म्हणजे क्रम असा झाला: आत्ता गाणं आणि साथ, विशीत साथ आणि थोडी शिकवणी, पंचविशीनंतर सोलो, तिशीत शिकवणी पूर्ण ताकदीने. यात दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतील.

आता तो जुना ऑर्गन. घ्यायच्या आधी मुलाला घेऊन जा, आणि शक्यतो पावसाळ्यात बघा. कोकणच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि बोटांनी दाबायच्या पट्ट्या अडकतात, ते उन्हाळ्यात कळत नाही. पहिल्यांदा एकही स्वर न दाबता पेडल मारा आणि पाय थांबवा. भाते हळूहळू परत फुगायला हवेत. भसकन फुगले तर कापड फाटलंय, बहुधा उंदरांनी. ते बदलता येतं, त्याची भीती नको. मग सगळे स्टॉपर (रीडचे वेगवेगळे संच चालू-बंद करायचे खुंटे) बंद करून पट्टी दाबा. सूर आला तर आतली झाकणं नीट बसत नाहीत. मग एकेक स्टॉपर उघडून प्रत्येक पट्टी खालून वर वाजवा, मुका स्वर कुठला ते लिहून ठेवा. बऱ्याच वेळा रीडमध्ये फक्त धूळ अडकलेली असते, रीड काढून ब्रशने साफ केली की ती बोलते. तुटलेल्या रीड मात्र मोजा. पाचसहाच्या वर असतील तर किंमत निम्मी करून मागा, कारण तशीच रीड शोधण्यात वर्ष जातं. शेवटी मागची फळी काढायला लावा आणि वाळवी बघा. वाळवी नसेल आणि भाते धरत असतील तर घ्या. नाट्यमंडळातल्या कुणी जुन्या माणसाने तो वाजवलेला असेल तर त्यांना एकदा मुलासमोर वाजवायला बसवा. कुठला स्टॉपर कुठल्या पदाला उघडायचा हे त्या वाद्यापुरतं त्यांनाच ठाऊक असेल, आणि ते मुलाने तिथेच वहीत उतरवून घ्यावं.